चारही सेमला बसलं की डिग्री येतेच का?

सोलापूरच्या साखर पेठेतून एका मुलीचं पत्र आलंय. नाव नको म्हणाली म्हणून देत नाही. पत्र थोडं कमी करून टाकते, खाली माझं उत्तर.

"ताई नमस्कार. मी एम.एस्सी. केमिस्ट्रीला आहे, तिसरं सेमिस्टर संपत आलंय. आई घरी बीड्या वळते, पप्पा लूमवर होते, लूम बंद पडल्यापासून वॉचमन आहेत. घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच त्यामुळं विचारायला कुणी नाही. पहिल्या सेमचा फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर राहिलाय, कॉलेजच्या इंटरनलला चांगले मार्क आहेत पण विद्यापीठाच्या पेपरात थोडक्यात गेला. दुसऱ्या सेमची ओजेटी, म्हणजे कंपनीत जाऊन करायचं ट्रेनिंग, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या डाईंगमध्ये केली, रोज जात होते, तरी मार्कशीटवर त्याच्यापुढं अ‍ॅबसेंट आलंय. ऑफिसात विचारलं तर नोटीस बोर्ड बघा म्हणतात. भावाचा मित्र म्हणतो टेन्शन घेऊ नको, चारही सेमला बसलं की डिग्री येतेच, आणि प्रोजेक्ट तर तयार मिळतो, पैसे दिले की बाइंडिंगसकट. मामा म्हणतात एक वर्ष झालंय ना, डिप्लोमा घे आणि बस कर, स्थळं बघायलेत. मला पीएचडी करायचीय. डिग्रीला नक्की काय काय लागतं हे कुणी एका जागी सांगेल का?"

सांगते की. आणि भावाच्या मित्राचं वाक्य आधी डोक्यातून काढून टाक, कारण चारही सेमला बसलं म्हणून डिग्री कुणालाच येत नाही. डिग्री येते ती कोर्सला ठरलेले सगळे क्रेडिट तुझ्या नावावर जमा झाले की. परीक्षेला बसणं वेगळं, पेपर सुटणं वेगळं आणि सुटलेल्या पेपरचे क्रेडिट रेकॉर्डला चढणं हे आणखी वेगळं, आणि तुझी गाडी फिजिकलला दुसऱ्या आणि ओजेटीला तिसऱ्या ठिकाणी अडकलीय असं मला पत्रावरून दिसतंय.

आपल्याकडे २०२३-२४ पासून पीजीला नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला. त्यात बीएस्सी तीन वर्षांची केली असेल तर एम.एस्सी. दोन वर्षांची, प्रत्येक सेमला २२ क्रेडिट, चार सेमचे मिळून ८८. क्रेडिट म्हणजे किती शिकलं त्याचं माप, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास वर्गात आणि प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास लॅबमध्ये, म्हणून ४ क्रेडिटचा पेपर ६० तासांचा असतो. या ८८ मध्ये मेन विषयाचे पेपर आणि प्रॅक्टिकल सगळ्यात जास्त, त्याशिवाय प्रत्येक सेमला ४ क्रेडिटचा इलेक्टिव्ह म्हणजे निवडीचा पेपर, पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजीचे, म्हणजे संशोधन कसं करायचं त्याचे ४, दुसऱ्याला ओजेटी नाहीतर फील्ड प्रोजेक्टचे ४, तिसऱ्याला रिसर्च प्रोजेक्टचे ४ आणि चौथ्याला परत प्रोजेक्टचे ६. बघ, प्रोजेक्टचेच एकूण १० झाले. एवढा मोठा तुकडा आहे तो, आणि त्यालाच पोरं फॉर्मॅलिटी म्हणतात.

आता एक कागद घे आणि तुझ्या कॉलेजच्या साईटवरून किंवा विद्यापीठाच्या साईटवरून तुझ्या बॅचचा सिलॅबस काढ. तुझ्याच बॅचचा बरं का, सिनियरचा नको, कारण मधे पॅटर्न बदललेला असू शकतो. त्यातला प्रत्येक पेपर कोडसकट खाली खाली लिही, पुढं क्रेडिट, त्याच्यापुढं इंटरनल सुटलं का, विद्यापीठाचं सुटलं का, आणि शेवटी मार्कशीटवर क्रेडिट दिसतात का. हे काम कॉलेज तुझ्यासाठी करणार नाही, मैत्रीण करणार नाही, तुलाच करायचंय, आणि एकदा केलंस की तुला जे एका जागी हवंय ते त्या एका पानावर असेल.

तुझं पान मी पत्रावरूनच थोडं भरून बघितलं. फिजिकलचा पेपर ४ क्रेडिटचा धरला तर त्याचे ४ गेले, ओजेटीचे ४ गेले, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ४४ पैकी तुझ्याकडे ३६ आहेत. इंटरनलला चांगले मार्क आहेत म्हणून अर्धे क्रेडिट मिळतील असं होत नाही, पेपर पूर्ण सुटला तर चारच्या चार मिळतात नाहीतर शून्य. इंटरनलचे मार्क पुढच्या खेपेला धरले जातात का तेवढं ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या नियमांत बघून घे.

ओजेटीपासून सुरू करूया, कारण ती तू केलेली आहेस आणि तिचा अभ्यास परत करायचा नाहीये. आई बीड्या कारखान्यात देते तेव्हा वहीत आकडा चढल्याशिवाय ती उठत नसेल, वळलेल्या बीड्या खऱ्या असल्या तरी वहीत नसतील तर मजुरी कुठली मिळणार. तुझं तेच झालंय. रोज गेलीस, काम केलंस, पण तास वहीत चढले नाहीत. याची कारणं साधारण ठरलेली असतात, एक तर कंपनीचं सर्टिफिकेट डिपार्टमेंटला पोचलंच नाही, नाहीतर पोचलं पण तुझा रिपोर्ट आणि तोंडी परीक्षेचे मार्क सरांनी पोर्टलवर भरले नाहीत, नाहीतर भरताना सीट नंबरचा घोळ झाला. यातलं कुठलं झालं ते आधी सरांना शांतपणे विचार.

मग डाईंगवाल्यांकडे जा आणि लेटरहेडवर सर्टिफिकेट घे. नुसतं "यांनी आमच्याकडे प्रशिक्षण घेतले" असलं गोल गोल पत्र चालत नाही, त्यात तारीख कुठून कुठपर्यंत, एकूण तास किती आणि काम काय केलं हे यायला पाहिजे. ओजेटीच्या एका क्रेडिटमागे किमान ३० तास धरतात, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास तरी भरले पाहिजेत. हजेरीच्या वहीची झेरॉक्स मिळाली तर सोन्याहून पिवळं. मग प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही, विभागप्रमुखांमार्फत, सोबत सर्टिफिकेट आणि मार्कशीटची झेरॉक्स, आणि हा अर्ज दोन प्रतीत कर. एक प्रत आवक विभागात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. ही शिक्का मारलेली प्रत म्हणजे तुझी पोच, ती जिवापाड जप. तोंडी विचारलं की नोटीस बोर्डाकडे बोट दाखवतात, पण आवक नंबर पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं, निदान "आमच्याकडे असं काही आलंच नाही" हे तरी कुणी म्हणू शकत नाही.

कॉलेजकडून दुरुस्तीचं पत्र परीक्षा विभागाला गेलं की त्याचा जावक नंबर घे आणि मग गरज पडली तर स्वतः केगावला विद्यापीठात जाऊन ये. २००४ ला आपलं सोलापूर विद्यापीठ झालं त्याच्या आधी असलं काही काम निघालं की कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जावं लागायचं, पोरींना तर घरून कुणीतरी सोबत लागायचं आणि एका शिक्क्यापायी अख्खा दिवस जायचा. आता ते पुणे रोडवरच आहे, सकाळी जाऊन दुपारी घरी येता येतं. तेव्हा फोन उचलत नाहीत म्हणून गप्प बसू नको. जाताना पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर, सगळ्या सेमच्या मार्कशीट आणि ती पोच एका फाईलमध्ये घालून ने, नाहीतर हे आणा ते आणा मधे दुसरी चक्कर होते.

फिजिकलच्या पेपरचं म्हणशील तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन याला रिझल्टनंतर थोडेच दिवस मिळतात, ती वेळ गेलेली आहे. आता बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म. इथं बऱ्याच मुली फसतात, त्यांना वाटतं चालू सेमचा फॉर्म भरला म्हणजे मागचा पेपर त्यात आपोआप आला. येत नाही. मागच्या पेपरची नोंद वेगळी करावी लागते, फी वेगळी, आणि तारीख गेली की लेट फी. हॉलतिकीट हातात आलं की त्यावर त्या पेपरचा कोड छापलाय का ते तिथल्या तिथं बघ. आणि अभ्यासाला त्याच पेपरच्या मागच्या प्रश्नपत्रिका घे, फिजिकल हा गणितं सोडवून सुटणारा विषय आहे, नोट्स वाचून सुटत नाही. कायनेटिक्स आणि थर्मोडायनामिक्सची गणितं हाताने, कॅल्क्युलेटर घेऊन, युनिटसकट सोडव. थोडक्यात गेलेला पेपर आहे तो, सुटेल.

मामांच्या डिप्लोम्याचं सांगते, कारण ते चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त अर्धं बोलतायत. नवीन आराखड्यात एका वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं हे खरंय. पण त्याला पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण लागतात, आणि तुझे ८ कमी आहेत. म्हणजे आज डिप्लोमा घ्यायचा म्हटलं तरी हाच पेपर आणि हीच ओजेटी आडवी येणार. तेवढं सोडवल्यावर पुढं राहतं काय, तिसरं सेम तर संपतच आलंय, मग राहतं एक चौथं सेम. इतक्या जवळ येऊन डिप्लोम्यावर थांबणं मला तरी अजिबात पटत नाही आणि मामांना हे असं आकड्यात मांडून दाखवलंस तर त्यांनाही पटेल. शिवाय डिप्लोम्यावर नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा देता येत नाहीत, आणि पीएचडीचं दार उघडत नाही. तीन वर्षांच्या बीएस्सीनंतर त्याला मास्टर्सच लागते. हां, अगदीच अडचण आली, आजारपण म्हण किंवा आणखी काही, तर मिळवलेले क्रेडिट वाया जात नाहीत, ते अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये ७ वर्षांपर्यंत धरले जातात, पण तो अडीअडचणीचा रस्ता आहे, आधीच ठरवून जायचा नाही.

या बँकेचं खातं म्हणजे एबीसी आयडी, हल्ली अपार आयडी म्हणतात. तुझं काढलेलं असणार, अ‍ॅडमिशनलाच मागतात. डिजिलॉकरमध्ये लॉगिन करून बघ तिथं क्रेडिट आलेत का आणि तुझं नाव आधारवर, दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि मार्कशीटवर एकसारखं आहे का. आणि हे फार मनापासून सांगते, ठळक लिहून ठेव, लग्न ठरलं आणि झालं तरी डिग्री हातात पडेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नको. आपल्याकडे पोरींचं वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही एका दिवसात बदलतात आणि मग मार्कशीट एका नावाची, आधार दुसऱ्या नावाचं, आयडी तिसऱ्याच स्पेलिंगचा, आणि हे सगळं जुळवायला अ‍ॅफिडेव्हिट आणि गॅझेट करत बसावं लागतं, तेही नव्या घरात, नवीन संसारात. नाव नंतर बदल, नाहीतर बदलूच नको, तुझी मर्जी.

आता प्रोजेक्ट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

तयार प्रोजेक्ट विकत घ्यायचा नाही. यूजीसीचा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे, नक्कल पकडायचा, आणि तो फक्त पीएचडीला नाही, मास्टर्सच्या डेझर्टेशनला म्हणजे प्रोजेक्टच्या रिपोर्टलाही लागू आहे. दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत जुळलं तर दंड नाही, १० ते ४० मधे गेलं तर दुरुस्त करून परत द्यायचं, ४० ते ६० मधे गेलं तर एक वर्षभर सुधारलेलं देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. बाइंडिंगसकट विकणाऱ्या माणसाने तोच प्रोजेक्ट आणखी किती जणांना दिलाय हे तुला कधीच कळणार नाही. आणि पकडलं नाही गेलं समजा, तरी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि त्यांनी विचारलं की हा ग्राफ इथं वाकला का, तर तू काय सांगणार. पीएचडीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न मास्टर्सच्या प्रोजेक्टवरच येतो. ज्या मुलीला पीएचडी करायचीय तिने आपला पहिलाच रिसर्च विकत घ्यावा हे माझ्या मनाला फार लागतं, म्हणून एवढं स्पष्ट बोलते.

त्यात तुझ्याकडे विषय घरचा आहे. तू डाईंगमध्ये काम केलंयस. टॉवेल रंगवल्यावर धुताना जे पाणी निघतं ते तू बघितलंयस, लाल शेड चालू असेल तर नाली लाल, निळी चालू असेल तर निळी. सुती मालाला रिअ‍ॅक्टिव्ह डाय वापरत असतील तर त्यात मीठ आणि सोडा टाकतात, सगळा रंग धाग्याला धरत नाही, काही पाण्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन बसतो आणि तो परत धाग्याला लागत नाही, धुवून काढावाच लागतो. तो रंग पाण्यातून काढायचा कसा, हा अख्ख्या सोलापूरचा प्रश्न आहे. आणि दुसरीकडे आपल्याच जिल्ह्यात डाळिंब किती पिकतं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा केगावलाच आहे. ज्यूसवाल्याकडे सालींचा ढीग असतो, तो फुकट मिळतो. साल धुवून, वाळवून, दळून, चाळून तिची पावडर रंगाच्या पाण्यात हलवायची आणि किती रंग पावडरीने ओढला ते मोजायचं, असं काम मास्टर्सच्या लॅबमध्ये आरामात होतं. पाण्यात रंग किती ते मोजायचं यंत्र, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, तुमच्या डिपार्टमेंटला असेलच.

पण करशील तर नीट कर. डाळिंबाची साल स्वतःच पाण्यात पिवळट तपकिरी रंग सोडते, टॅनिन असतं तिच्यात. म्हणजे नुसतं पाणी आणि साल, डाय न टाकता, असा ब्लँक प्रत्येक वेळी ठेवायला लागेल, नाहीतर तुझं रीडिंग डायचं आहे का सालीचं हे कळणारच नाही. हा ब्लँक विकतच्या प्रोजेक्टमध्ये सापडणार नाही, आणि चांगला परीक्षक नेमकं हेच विचारतो. दुसरं म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह डाय असल्या पावडरीला बहुतेक वेळा आम्लधर्मी पाण्यात चांगला चिकटतो, आणि डाईंगचं खरं पाणी सोड्यामुळं अल्कधर्मी असतं. म्हणजे लॅबमध्ये डाय विरघळवून केलेल्या पाण्यात छान रिझल्ट येईल आणि खऱ्या पाण्यात येणार नाही असं होऊ शकतं. तसं झालं तर घाबरू नको, खोटे आकडे भरू नको, तसंच लिही आणि का झालं ते लिही. तोच तुझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला भाग ठरेल. रंग किती वेळात ओढला जातो हे काढताना तुला कायनेटिक्सची समीकरणं लावावी लागतील, आणि पावडर एकूण किती रंग धरते हे काढताना लँगमुअर आणि फ्रॉइंडलिशची, म्हणजे राहिलेला फिजिकलचा पेपरही याच कामात पक्का होतोय बघ.

अर्थात तिसऱ्या सेमला सरांनी दुसरा विषय दिला असेल आणि त्यात काम झालं असेल तर तोच पुढं ने, मधेच विषय बदलून गाईडची नाराजी घेऊ नको. पण काहीही असो, लॅबची वही तारखेनिशी लिही, चुकलेलं रीडिंगसुद्धा खोडून फेकू नको, आणि दर आठवड्याला सरांची सही घे. सही मागायला लाजू नको, ते त्यांचं काम आहे.

हजेरीचं तू लिहिलं नाहीस पण विचारते, ७५ टक्के आहे ना? ट्यूशन वगैरे घेत असशील तर जपून, हजेरी कमी पडली की टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे परीक्षेला बसू देत नाहीत, आणि स्कॉलरशिपचाही हप्ता अडकतो. प्रॅक्टिकलचं जर्नल वेळेत सर्टिफाय करून घे. तुझं बीएस्सी इथलंच आहे असं धरते म्हणून मायग्रेशनचा प्रश्न नाही, पण वर्गात कलबुर्गी, विजापूरकडून आलेल्या मुली असतील तर त्यांना सांग की आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि इथली एलिजिबिलिटी पूर्ण झाली का बघा, ते राहिलं तर रिझल्ट रिझर्व्हमध्ये जातो म्हणजे रोखून ठेवतात.

पीएचडीसाठी आकडा लक्षात ठेव ५५. पास व्हायला त्यापेक्षा कमी मार्क पुरतात आणि इथंच मुली गाफील राहतात, एम.एस्सी. पास होतात पण पुढचं दार बंद. मास्टर्सला ५५ टक्के किंवा तेवढा ग्रेड लागतो, मागास प्रवर्ग आणि ईडब्ल्यूएसला ५ टक्के सूट आहे. ओबीसीतून जाणार असशील तर नॉन क्रिमीलेअर आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, तो आत्ताच सेतूत टाकून ठेव. शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते, मात्र मग ठरलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांत, ५५ टक्क्यांनी मास्टर्स पूर्ण झाल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे ते ८ क्रेडिट लोंबकळत राहिले तर पास झालेली नेटसुद्धा हातातून जाऊ शकते. २०२४ पासून नेटचे मार्क पीएचडीच्या प्रवेशाला धरतात, जेआरएफ म्हणजे नेटमध्ये वर आलेल्यांना मिळणारी संशोधनाची फेलोशिप नसेल तर ७० टक्के वजन नेटला आणि ३० मुलाखतीला, आणि ते मार्क एकच वर्ष चालतात. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार आहेत, हा आकडा मात्र घरी जेवताना सगळ्यांसमोर सांग.

पुढची पीएचडी म्हणजे काय तेही थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणं कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. आधी १२ ते १६ क्रेडिटचा कोर्सवर्क, त्यातही ५५ टक्के. दर सेमला कमिटीसमोर कामाचं प्रेझेंटेशन, शेवटी थिसिस, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी आणि तोंडी परीक्षा. संशोधनाचा पेपर जर्नलमध्ये छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ ला काढली, तरी प्रत्येक विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, तेव्हा जिथं जाशील तिथलं बघ. गाईडच्या जागा मोजक्या असतात, असिस्टंट प्रोफेसरला ४, असोसिएटला ६, प्रोफेसरला ८ विद्यार्थी, म्हणून जागा रिकामी आहे का हे आधीच विचारायचं असतं. आणि मुलींसाठी सहा वर्षांवर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, बाळंतपण आणि मुलासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. स्थळ बघायला येतील त्यांच्याशी बोलताना हे माहीत असलेलं बरं, शिक्षण आणि संसार एकत्र होऊ शकतो हे नियमानेच गृहीत धरलंय.

लग्नाबद्दल मी हो किंवा नाही सांगणार नाही, ते तुझ्या आईशी तू बोल. फक्त एक सुचवते, आईला एकटीला घेऊन बस, तिच्या कामातनं थोडा वेळ काढायला लाव आणि ते एका पानाचं कोष्टक तिच्यासमोर ठेव. ८८ पैकी इतके झाले, इतके राहिले, इतक्या महिन्यात होतील. तू नुसतं "मला शिकायचंय" म्हणतेस तेव्हा घरच्यांना ते कधी संपणारच नाही असं वाटतं, आणि त्यांचंही चुकत नाही, त्यांना कुणी शेवट दाखवलेलाच नाही. तारीख दिसली की तोवर वाट बघायची त्यांची तयारी होते. आणि परीक्षेच्या खेपा वाढत गेल्या तरी कोर्सला कमाल मुदत असते, साधारणपणे दोन वर्षांच्या कोर्सला वरची दोन वर्षं, त्यापुढं रेंगाळलं तर सगळंच अवघड होतं हेही तुझ्या लक्षात असू दे.

सगळे क्रेडिट भरल्यावरही डिग्री घरी चालत येत नाही. पदवीदानाचा फॉर्म भरावा लागतो, फी भरावी लागते, तोपर्यंत पासिंग सर्टिफिकेटवर काम भागवायचं. फॉर्म निघाल्याची बातमी कॉलेजमधून येईल याची वाट न बघता विद्यापीठाच्या साईटवर अधूनमधून बघत जा.

या सोमवारी डाईंगवाल्यांकडे जाऊन सर्टिफिकेटचं बोल, मालक नसतील तर मॅनेजरशी बोल, आणि त्याच आठवड्यात अर्ज आवकला टाक. बॅकलॉगच्या फॉर्मची तारीख आजच बघ. अर्ज देऊन महिना झाला आणि काही हललं नाही तर त्या पोचेचा फोटो मला पाठव, पुढचं पत्र परीक्षा विभागाला कसं लिहायचं ते मी मजकुरासकट कळवते.